पेवातली हळद आणि ईएक्सईतली आजी

आज जरा कॉम्प्युटरचं बोलणार आहे. तरीही घरच्यांनी पळून जाऊ नये, कारण शेवटी विषय आजीचाच आहे. आणि ब्लॉगवाल्या मित्रांनी "हे तर सगळ्यांना माहीत असतं" म्हणून नाक मुरडू नये, कारण माहीत असूनही मी स्वतः जो गाढवपणा केला तो इथे मांडणार आहे.

तर झालं असं, की २०२५ च्या दिवाळीत अमेरिकेतल्या ताईचा फोन आला. "आजीच्या ओव्या तुझ्याकडे होत्या ना रे? मला पाठव. मुलीला ऐकवायच्यात." मी म्हटलं, आहेत की. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की माझ्याकडे ओव्या नाहीत. माझ्याकडे एक प्रोग्रॅम आहे, आणि ओव्या त्या प्रोग्रॅमच्या पोटात आहेत.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. २००२ साली आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, इस्लामपुरात, आमच्या जुन्या घरी. (२०२५ च्या जुलैत गावाचं नाव ईश्वरपूर करायचं सरकारने जाहीर केलं. पण त्या काळातलं काही सांगताना तोंडात जुनंच येतं, त्याला माझा इलाज नाही.) मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. घरात आपण एकटेच कॉम्प्युटरवाले, त्यामुळे डोकं जरा हवेत. मी ठरवलं, आजीवर एक सीडी करायची. चौसष्ट फोटो स्कॅन केले, खाली मराठीत ओळी लिहिल्या, आणि सहा मिनिटं तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. माळ्यावरचं जातं त्यासाठी मुद्दाम खाली काढलं होतं. मायक्रोफोन म्हणजे तीस रुपयांचा तो काळा देठवाला, बाबांनी तो हातात धरून ठेवला होता.

पहिली आवृत्ती अगदी शहाण्यासारखी होती. एक प्रोग्रॅम, शेजारी 'फोटो' नावाचं फोल्डर, 'आवाज' नावाचं फोल्डर. धाकट्या मामाने ती फ्लॉपीवर नेली. मी म्हटलं, अहो मामा, फ्लॉपीवर मावणार नाही. ते म्हणाले, "मावलं की! एका सेकंदात झालं." त्यांनी डेस्कटॉपवरचा आयकॉन कॉपी केला होता. म्हणजे शॉर्टकट, एक केबीचा. विट्याला जाऊन उघडला तर काहीच नाही, आणि फोनवर मलाच बोलणी. दुसऱ्या एका काकांनी सीडीवरून नुसती ईएक्सई उचलली, फोल्डर मागेच राहिलं. त्यांना सगळीकडे रिकाम्या चौकटी दिसल्या. आजीचं लग्न रिकामं, आजीचं घर रिकामं.

मग मी जे केलं त्याला आमच्या भाषेत 'रिसोर्स' म्हणतात. विंडोजच्या ईएक्सई फाईलमध्ये नुसता कोड नसतो. तिच्यात वेगवेगळे कप्पे असतात आणि त्यातला एक कप्पा रिसोर्सचा. आयकॉन, कर्सर, मेनू हे सगळं तिथेच असतं. पण त्या कप्प्यात वाटेल ते भरता येतं: फोटो, आवाज, फॉंट, अख्खा डेटाबेससुद्धा. मी डेल्फीत काम करायचो. एक साधी 'आरसी' फाईल लिहायची, त्यात प्रत्येक ओळीवर एक नाव, मग 'आरसीडेटा' हा शब्द, मग फोटोच्या फाईलचं नाव. ती बीआरसीसी३२ नावाच्या कंपायलरमधून काढली की 'रेस' फाईल तयार. मग प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालायची, की ही रेस फाईल आत घे. बस्स. चौसष्ट फोटो, एक आवाज, एक फॉंट, सगळं एकाच ईएक्सईत. मामांनी आता काहीही कॉपी केलं तरी आजी अख्खीच जाणार.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'कंपाइल' म्हटलं की लोकांना वाटतं, उसाचा रस काढला, आता ऊस परत मिळणार नाही. कोडच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. रिसोर्सचं तसं नसतं. आपल्याकडची उपमा द्यायची तर सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती. काढाल तेव्हा जशी भरली तशी हळद. रिसोर्समधला फोटोही बाइटला बाइट तसाच असतो. फक्त पेव कुठे आहे ते माहीत असावं लागतं, आणि तोंड उघडायची सोय असावी लागते. (२००५ च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं गेली, तेव्हा जमिनीखाली ठेवलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. ते पुढे येईलच.)

तर इतपत मी केलं ते आजही मला बरोबरच वाटतं. चूक पुढे झाली. तीन चुका. वय एकवीस होतं, दुसरं काय.

पहिली म्हणजे यूपीएक्स. हे ईएक्सई आवळून लहान करणारं साधन. एकतीस एमबीचे एकोणतीस झाले. जेपीजी मुळातच आवळलेले असतात, ते आणखी किती आवळणार? पण वर्गात सांगायला बरं वाटायचं, की मी यूपीएक्स वापरतो.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. कॉलेजातल्या कुणी रिसोर्स हॅकर लावून माझे फोटो काढून घेऊ नयेत म्हणून मी ते एक्सॉर करून टाकले. म्हणजे एक गुप्त शब्द घ्यायचा आणि फोटोच्या प्रत्येक बाइटवर त्यातलं एकेक अक्षर चालवायचं. फोटोचा चिवडा होतो, प्रोग्रॅम उघडताना परत तोच शब्द चालवला की फोटो सरळ. माझ्या आजीचे नऊवारीतले फोटो कोण चोरणार होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तिसरी चूक म्हणजे मी बाहेर काही ठेवलंच नाही. ठेवलं होतं खरं, हार्ड डिस्कवर. ती २००६ साली गेली. दोन सीड्या होत्या, एकीचा वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला आणि दुसरी भाच्याने रिक्षाचं चाक म्हणून वापरली. स्कॅन केलेले मूळ फोटो, बरेचसे, घर बदलताना ओल लागून चिकटले. आजी २००९ साली गेली.

आणि उरली ती एक ईएक्सई. कुठे, तर कराडच्या आतेभावाकडे, 'गेम्स' नावाच्या फोल्डरमध्ये. त्याने तीन कॉम्प्युटर बदलले, प्रत्येक वेळी ते फोल्डर नव्या मशीनवर गेलं, कारण त्यात त्याचा रोडरॅश होता. रोडरॅशच्या शेजारी आमची आजी.

आता यावर माझा एक मित्र, जो हे वाचणार आहे आणि खाली भांडणार आहे, तो नेहमी म्हणतो की डेटा प्रोग्रॅममध्ये कधीही भरू नये. प्रोग्रॅम वेगळा, डेटा वेगळा. पुस्तकातही असंच लिहिलेलं असतं. कारखान्याच्या किंवा बँकेच्या कामासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. दूध संस्थेचा फॅटचा दरतक्ता प्रोग्रॅममध्ये भरून देणारा माणूस पुढे सापडेनासा झाला, की दर बदलल्यावर संस्थेचा सचिव वहीवर परत येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जे बदलतं ते बाहेरच हवं. आमच्याकडून वारणा ओलांडली की वारणानगर. तिथे १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' म्हणून मोठा प्रकल्प झाला, सत्तर गावं जोडायची, गावात कॉम्प्युटरची केंद्रं, शेतकऱ्याला ऊस किती गेला आणि बिल किती झालं ते तिथे कळावं. पुढे २००६-०७ च्या सुमारास त्यातल्या काही गावांत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी पीसीऐवजी मोबाईलचा एसएमएस लावून पाहिला. म्हणजे दहा वर्षांच्या आत विचारायचं यंत्र बदललं. शेतकरी तोच, उसाचं वजनही तेच. ते वजन जर प्रत्येक केंद्रातल्या प्रोग्रॅमच्या पोटात घट्ट बसलेलं असतं तर एसएमएसने काय वाचून दाखवलं असतं?

पण घरगुती गोष्टींना हा नियम लावायला मी तयार नाही. का, ते सांगतो. आमचं पहिलं, शहाणं रूप, म्हणजे प्रोग्रॅम आणि दोन फोल्डर, ते आज कुणाकडेही नाही. मी नातेवाइकांत फोन करकरून विचारलं. कुणाकडे सात फोटो, कुणाकडे नुसता 'आवाज' फोल्डर आणि तोही रिकामा. फोल्डरातल्या वस्तू सुट्या असतात, घरातल्या वाट्या-चमच्यांसारख्या त्या एकेक करून जातात. एक फाईल मात्र एकतर असते किंवा नसते. ती कॉपी करायला डोकं लागत नाही, आणि आमच्या नातेवाइकांच्या... असो. मुद्दा असा, की ज्या गोष्टीला सांभाळणारं कुणी नेमलेलं नाही, ती एकगठ्ठा द्यावी. मी आजीला ईएक्सईत कोंडलं म्हणूनच ती तेवीस वर्षं टिकली. आणि मीच तिला कुलूप घातलं म्हणून काढायला मला चार रात्री लागल्या. दोन्ही खरं आहे.

त्या चार रात्रींचं थोडं सांगतो, कारण ब्लॉगवाल्यांना त्यातच रस असणार.

प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालला. ३२ बिटचा होता म्हणून. १६ बिटचा असता तर ६४ बिटच्या विंडोजने त्याला दारातच उभा केला असता. पण चालून काय उपयोग? ६४० बाय ४८० ची खिडकी, 'पुढे' आणि 'मागे' अशी दोन बटणं, आणि ओव्या ऐकायच्या तर त्या पानावर बसून राहायचं. बाहेर काढायची सोय शून्य. ताईची मुलगी हे फोनवर कशी ऐकणार?

आधी यूपीएक्स सोडवलं. आणि इथे मला त्या यूपीएक्सवाल्यांचं फार कौतुक वाटलं. ज्या साधनाने आवळायचं त्याच साधनाला उणे डी असं सांगितलं की ते परत सोडवतं. वेगळं काही शोधावं लागत नाही. एका सेकंदात एकोणतीसचे परत एकतीस झाले.

मग रिसोर्स हॅकर. अँगस जॉन्सन या ऑस्ट्रेलियन माणसाचं हे फुकट साधन, आणि तेही मुळात डेल्फीतच लिहिलेलं. ज्याच्या भीतीने मी कुलूप घातलं, त्याच्याच दारात मी किल्ली मागायला. :) (ज्यांना एवढंही नको त्यांनी ईएक्सईवर सेव्हन-झिप लावून पाहा, रिसोर्सचा कप्पा फोल्डरसारखा उघडतो.) डावीकडे झाड दिसलं: आयकॉन, आरसीडेटा, वेव्ह. वेव्हवर टिचकी मारली. तो आवाज मी एक्सॉर केला नव्हता, शहाणपणाने नव्हे, आळसाने. विंडोजचं प्लेसाउंड नावाचं फंक्शन रिसोर्समधला आवाज थेट वाजवतं, त्याला चिवडा चालत नाही, आणि उलटा करून द्यायचा कोड लिहायचा मला कंटाळा आला होता. त्यामुळे आजीचा आवाज तेवीस वर्षं उघडाच होता. कुणीही, कधीही, दोन मिनिटांत काढू शकलं असतं. सहा मिनिटांची चार एमबीच्या आत बसणारी फाईल. आठ बिट, मोनो, जुन्या टेलिफोनपेक्षा जरा बरा. जात्याची घरघर आहे, मधे कुकरची शिट्टी आहे, आणि बाबा हळूच म्हणतात, "माई, जरा इकडे तोंड."

ते ऐकून मी लॅपटॉप मिटला आणि त्या रात्री बाकी काही केलं नाही.

फोटोंना मात्र वेळ लागला. गुप्त शब्द मला आठवत नव्हता. आजीचं नाव, गावाचं नाव, तेव्हा आवडणाऱ्या... असो, सगळी नावं लावून पाहिली. मग सुचलं, की शब्द आठवायची गरजच नाही. एक्सॉरमध्ये मूळ बाइट, गुप्त अक्षर आणि चिवडा या तिघांपैकी कुठलेही दोन हातात असले की तिसरा मिळतो. चिवडा माझ्याकडे होता. आणि मूळ? स्कॅनरवरून निघालेल्या जेपीजी फाईलची सुरुवात ठरलेली असते: एफएफ, डी८, एफएफ, ई०, मग शून्य आणि सोळाचा आकडा, मग जेएफआयएफ ही चार अक्षरं, मग परत शून्य, मग एक. असे पहिले बारा बाइट मला फोटो न बघताच माहीत होते. कागद पेन घेतलं नाही, पण जवळजवळ तसंच. बारा अक्षरं बाहेर आली. एम, एच, एक, शून्य... आणि दहाव्या जागी परत एम, एच, एक. म्हणजे शब्द नऊ अक्षरी, आणि एमएच १० म्हणजे सांगली जिल्हा.

बाबांच्या लूनाचा नंबर होता! तो तर मला झोपेतही पाठ होता.

चौसष्टच्या चौसष्ट फोटो आले. प्रोग्रॅम ते लहान करून दाखवायचा, आत मात्र मोठे होते. आजीच्या लग्नातल्या फोटोत मागे भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय.

उरल्या फोटोंखालच्या ओळी. त्यांचं दुखणं वेगळं. तेव्हा युनिकोड मराठी आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. विंडोज ९८ वर चालायला हवं म्हणून मी त्या काळातल्या इतर सगळ्यांसारखाच जुन्या धाटणीचा फॉंट वापरला होता, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉंटही मी पोटात भरला होता. प्रोग्रॅम सुरू झाला की तो टेंप फोल्डरमध्ये उतरवायचा, विंडोजला दाखवायचा, बंद होताना पुसायचा. (एका काकांच्या अँटीव्हायरसने यावर आरडाओरडा केला होता. त्याचंही बरोबर आहे, पोटातून फाईल काढून डिस्कवर टाकणं हा व्हायरसचाही आवडता उद्योग. आणि फॉंट दुसऱ्याच्या मालकीचा असतो, तो असा वाटायला परवानगी लागते, हेही मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.) तर ओळी बाहेर काढल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची रांग. त्या फॉंटशिवाय तिला काही अर्थ नाही. म्हणजे भाषेची किल्लीसुद्धा त्याच पेवात. फॉंट काढला, समोर ठेवला आणि चौसष्ट ओळी हाताने परत टाइप केल्या. शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवल्यात.

हे सगळं करताना मला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांची सारखी आठवण येत होती. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. तरी तो संग्रह पुढे 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ शकला, २०१७ पासून तो लोकांना ऐकता-वाचता येतोय. एकेक ओवी मोकळी, कुणी म्हटली, कुठल्या गावी, ते सोबत लिहिलेलं. आणि मी सहा मिनिटांच्या ओव्यांना यूपीएक्स लावत बसलो होतो.

तेव्हा माझं म्हणणं काय, तर भरा. बिनधास्त भरा. पूर्वी हे आडमार्गाचं काम होतं, आता भाषाच ते करून देतात. गो भाषेत २०२१ पासून सरळ सोय आहे. सी भाषा तर १९७० च्या दशकातली, पण फाईल थेट आत घ्यायची सोय तिच्या मानकात यायला २०२४ साल उजाडलं. तोवर लोक फोटोचे बाइट आकड्यांची लांबलचक यादी करून कोडमध्ये चिकटवत होते. भरायला आता काही लागत नाही. पण भरताना एक 'बाहेर काढा' असं बटण द्या. डेल्फीत ते तीन ओळींचं काम होतं: रिसोर्सचा स्ट्रीम उघडायचा, सेव्ह-टू-फाईल म्हणायचं, बंद करायचा. मी 'विषयी' नावाची खिडकी करून तिच्यात स्वतःचं नाव हलतं-फिरतं दाखवायला दोन दिवस घालवले होते. त्या तीन ओळींना वेळ नव्हता.

कुणी म्हणेल, पण धंद्याच्या प्रोग्रॅममध्ये कसं चालेल, लोक चोरतील. चोरणारा तसाही काढतोच, माझं नऊ अक्षरी कुलूप किती टिकलं ते वर लिहिलंय. कुलपाने अडतात ते घरचेच. आणि ज्याने प्रोग्रॅमला पैसे मोजलेत त्याने स्वतःचाच माल त्यातून काढून घेतला तर मी त्याला चोर म्हणणार नाही. त्या दूध संस्थेच्या सचिवाने उद्या मला बोलावलं तर मी रिसोर्स हॅकर घेऊन जाईन, फक्त दरतक्ताच काढेन, आणि दुसऱ्याचा कोड तसाच ठेवेन. एवढी मर्यादा मला पुरेशी वाटते. ज्यांना वाटत नाही त्यांनी खाली लिहावं.

आता घरच्यांसाठी. आवाज आणि चौसष्ट फोटो सगळे सुटे करून ठेवलेत, दुवा प्रत्येकाला वेगळा पाठवतो. ओळी त्याच नंबराने एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आहेत. सोबत जुनी ईएक्सईही ठेवलीय, तिला हात लावलेला नाही. ताईच्या मुलीने ओव्या ऐकल्या आणि विचारलं म्हणे, की मागे ते यंत्र कसलं वाजतंय.

आणखी एक. फोटो क्रमांक २३. वाड्याच्या पायरीवर आजी, तिच्या कडेवर आत्या, आणि शेजारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ. खाली ओळ नाही. तेव्हा टाइप करायची राहून गेली, आणि आजी शेजारच्या खोलीत होती तरी मी उठून विचारलं नाही. आत्यालाही ओळखू येत नाही. वाळव्याकडचे कुणी असावेत असा बाबांचा अंदाज आहे. कुणी ओळखलं तर कळवा.